दान की देणे?

सह्याद्रीच्या कुशीतील राजूरमार्गे कळसूबाईच्या किंवा रतनवाडीच्या श्री अमृतेश्वराच्या दर्शनास जाणाऱ्या भाविकांपैकी अनेकांच्या घरी विवाहानंतर कुलदेवतेचा गोंधळ घालण्याची परंपरा आहे. चौक मांडून घट बसविला जातो, दिवटी पाजळली जाते आणि संबळ-तुणतुण्याच्या साथीने गोंधळी तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, जेजुरीचा खंडोबा अशा देवतांना नावे घेऊन पाचारण करतो. पुढे रात्रभर आख्यान रंगते. ही पदे व कथा पोथीतून नव्हे, तर पित्याकडून पुत्राकडे मुखोद्गत आलेल्या असतात.

या सेवेबद्दल गोंधळ्याच्या हाती जे पडते, ते दान समजावे की देणे?

देवीच्या उपासनेत मागणे हे हीनपणाचे लक्षण नाही. नवरात्रात किंवा मंगळवारी-शुक्रवारी सधन घरची सुवासिनीही परडी घेऊन पाच घरी जोगवा मागते. अहंकार गळावा, हाच त्यामागील हेतू. तिला कोणी भिकारी म्हणत नाही. मात्र पिढ्यान्‌पिढ्या देवीचेच नाव घेत दारी येणाऱ्यास तसे म्हटले जाते. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियमानेही सार्वजनिक ठिकाणी गाऊन-नाचून याचना करणे भिक्षेतच गणले. पुरोहितास दक्षिणा आणि गोंधळ्यास भीक, हा भेद देवतेने नव्हे, माणसाने केला आहे.

परंपरा टिकावी, असे सर्वच म्हणतात. पण ती कोणाच्या जिवावर? गोंधळ्याच्या मुलाने शाळा सोडून वडिलांचेच वाद्य हाती घ्यावे, असा आग्रह धरण्याचा अधिकार यजमानास नाही. मुरळीची गाणी कितीही गोड असली, तरी लहान मुलीस देवाला वाहण्याची रूढी अन्यायाचीच होती. २००५ च्या देवदासी प्रथा निर्मूलन अधिनियमाने अशा समर्पणास बंदी घातली. गाणे पवित्र असले म्हणून गाण्याची सक्ती पवित्र ठरत नाही.

म्हणून गोंधळ्यास दिलेले द्रव्य हे उपकाराचे दान नसून सेवेचे देणे होय. गोंधळाचे निमंत्रण देतानाच मानधन ठरवावे, कलावंतांस पंक्तीत मानाने बसवावे आणि त्यांच्या मुलांच्या शिक्षणास जमेल तसा हातभार लावावा. मुलगा शिकून अन्य व्यवसायात गेला, तरी त्याला दोष देऊ नये. स्वेच्छेने गायिलेले एकच पद देवीच्या चरणी अधिक रुजू होते.