धर्मराजाचा रथ आणि लिंकनची चिठ्ठी

३१ जानेवारी १८६५. गुलामगिरी कायमची बंद करणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीवर वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिगृहात मतदान व्हायचे होते. तेवढ्यात आवई उठली, की दक्षिणेचे दूत तहाची बोलणी करायला निघाले आहेत. कुंपणावरचे सदस्य चुळबुळू लागले. उत्तर-दक्षिणेचे यादवी युद्धच थांबणार असेल तर आपण हात कशाला पोळून घ्यायचे? दुरुस्तीची धुरा वाहणाऱ्या जेम्स अ‍ॅश्ली यांनी राष्ट्राध्यक्षांकडे विचारणा केली. अब्राहम लिंकन यांचे चिठ्ठीने उत्तर आले: आपल्या माहितीप्रमाणे शहरात तहाचे कोणी दूत नाहीत, ते येण्याची शक्यताही नाही.

अक्षरन् अक्षर खरे. कारण दूतांना शहरात न आणता व्हर्जिनियातल्या फोर्ट मन्रोकडे न्यायचे, ही व्यवस्था लिंकन यांचीच होती. ३ फेब्रुवारीला ते स्वतः त्यांना बोटीवर जाऊन भेटले.

स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या ‘लिंकन’ (२०१२) या चित्रपटात ही चिठ्ठी पाहताना मराठी प्रेक्षकाला ‘नरो वा कुंजरो वा’ आठवणारच. द्रोणांच्या हातून शस्त्र गळून पडले ते धर्मराजाच्या अशाच एका वाक्याने. प्रश्नही तोच: कार्य धर्माचे असेल, तर अर्धसत्याचे पाप लागते का?

चित्रपटाचे उत्तर सौम्य आहे. निवडणूक हरलेल्या सदस्यांना सरकारी नोकऱ्यांचे गाजर दाखवणारे दलाल तो जवळजवळ विनोदी ढंगात रंगवतो. केंटकीचे जॉर्ज यीमन यांनी बाजूने मत दिले आणि त्याच वर्षी ते डेन्मार्कमध्ये वकिलातीचे प्रमुख झाले. योगायोग की मोबदला, ज्याने त्याने ठरवावे. दुरुस्ती ११९ विरुद्ध ५६ मतांनी संमत झाली. दोन-तृतीयांशांच्या अटीपेक्षा जेमतेम दोन मते जास्त! जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना त्यांच्या निरपेक्ष वृत्तीबद्दल अर्पण केला, तेव्हा या सदाचाराच्या मागच्या दाराने काय काय आत आले होते, हे त्यांच्या कानावर असण्याचे कारण नव्हते. असते, तरी त्यांनी अर्पणपत्रिका बदलली असती असे वाटत नाही.

पण किंमत नोकऱ्यांपुरती नव्हती. १८६३चा मुक्तीचा जाहीरनामा हा युद्धकाळातला उपाय. शांतता झाल्यावर न्यायालयात तो टिकेल याची खात्री नव्हती. म्हणून दुरुस्ती आधी, तह नंतर. दरम्यान आघाडीवर माणसे मरतच होती. महाभारत इथे अधिक कठोर आहे. ते पांडवांचा विजय काढून घेत नाही, पण जमिनीपासून चार बोटे वर चालणारा युधिष्ठिराचा रथ खाली टेकवते आणि शेवटी त्याला नरकही दाखवते.

लिंकन स्वतः या हिशेबाच्या जवळचे होते. कुठल्याच चर्चचे सभासद नसलेल्या या माणसाने ४ मार्च १८६५ रोजीच्या भाषणात युद्धाला ईश्वरी न्याय म्हटले. दोन्ही बाजू एकाच देवाची प्रार्थना करतात आणि कोणाचीच पुरती फळाला येत नाही, असा त्यांचा सूर होता. गुलामगिरीचे पाप त्यांनी एकट्या दक्षिणेच्या माथी मारले नाही. विजयाच्या उंबरठ्यावर असे बोलणारा राजकारणी विरळाच.

थॅडियस स्टीव्हन्स यांचा पेच तर याहून बोचरा. वर्णसमतेचा हा कडवा पुरस्कर्ता मते फुटू नयेत म्हणून सभागृहात सांगतो, की मला फक्त कायद्यापुरती समता हवी. लिंकन यांनी दुसऱ्यांना चकवले. स्टीव्हन्स यांनी स्वतःचीच श्रद्धा गिळली. १८६८ साली ते गेले, तेव्हा त्यांच्याच इच्छेने त्यांचे दफन सर्व वर्णांच्या लोकांना खुल्या असलेल्या दफनभूमीत झाले. कारणही त्यांनी दगडावर कोरून घेतले: निर्मात्यापुढे सारी माणसे समान.

गंमत म्हणजे चित्रपटानेही तोच मार्ग धरला. पडद्यावर कनेक्टिकटचे दोन सदस्य विरोधात मत देतात. प्रत्यक्षात त्या राज्याच्या चारही सदस्यांनी बाजूने मत दिले होते. २०१३ साली तिथले काँग्रेस सदस्य जो कोर्टनी यांनी हरकत घेतली. पटकथाकार टोनी कुशनर यांनी चूक नाकारली नाही. मतदान किती अटीतटीचे होते हे प्रेक्षकाला कळावे म्हणून बदल केला, असे त्यांचे समर्थन होते. म्हणजे पुन्हा साध्यासाठी साधन, आणि तेही युद्ध पेटलेले नसताना. अटीतटीच दाखवायची होती, तर कनेक्टिकटचेच जेम्स इंग्लिश हाताशी होते. विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाचे असूनही, आपले राजकारण संपले असे धरून त्यांनी ‘होय’ म्हटले होते. दोन वर्षांनी ते त्याच राज्याचे गव्हर्नर झाले.