शब्दांचा डबा

डोंगराच्या पायथ्याशी, भातखाचरांच्या कडेला दोन खोल्यांची एक शाळा होती. तिथे घाटावरून एक नव्या बाई आल्या. तिसरी आणि चौथी असे दोन्ही वर्ग त्यांच्याकडे होते. बाई मोठ्या मेहनती. मुलं यायच्या आधी त्या फळ्यावर धड्यातले दहा शब्द लिहीत, समोर त्यांचे अर्थ लिहीत. मुलं ते वहीत उतरवून घेत, मोठ्यानं म्हणत, घरून पाच-पाच वेळा लिहून आणत. शनिवारी चाचणी होई आणि बहुतेकांना चांगले गुण पडत.

एका सोमवारी बाईंनी एका मुलाला सहज विचारलं, "चिकाटी म्हणजे काय रे?"

"धरलेलं काम न सोडणे," मुलानं एका दमात सांगितलं.

"शाबास. मग आपल्या गावात चिकाटी कुणाकडे आहे?"

मुलानं वही उघडली. वहीत पुढे काही लिहिलेलं नव्हतं. त्यानं शेजारच्याच्या वहीत पाहिलं. तिथेही नव्हतं. तो तसाच उभा राहिला.

आषाढ लागला. लावण्या सुरू झाल्या आणि वर्ग निम्मा रिकामा झाला. मुलांना बोलवायला बाई छत्री घेऊन खाचरांकडे गेल्या. पहिल्याच खाचरात त्यांना त्यांची एक मुलगी दिसली. हजेरीच्या "हजर"पलीकडे तिचा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता. ती आजीबरोबर पोटरीभर चिखलात उभी होती.

"हे गवत कसलं गं?" बाईंनी विचारलं.

मुलगी हसली. "गवत नाय बाई, आवण आहे."

आणि मग ती बोलतच सुटली. राब कुठे भाजला, त्यावर भात कधी पेरला, आवण किती वाढलं की काढायचं, जुडी कशी बांधायची, चिखलणी नीट झाली नाही तर काय होतं, आजीच्या पाठीवरचं इरलं कुठल्या पानांचं. बाईंचं एक बोट चुकीच्या बांधाकडे गेलं, तर तिनं तेही सुधारलं.

"आजी, हिला एवढं कुणी शिकवलं?" बाई म्हणाल्या.

आजीनं कमरेला हात लावून पाठ सरळ केली. "शिकवायचं काय त्यात, बाई? माझ्यासंगं असते. आवण दे म्हटलं की देते. चुकीचं दिलं तर परत मागते. दर साली तेच."

बाई बराच वेळ बांधावर उभ्या राहिल्या. डी.एड.ला असताना त्यांनी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्याविषयी वाचलं होतं. 1945 साली बोर्डीला सुरू झालेलं त्यांचं बालशिक्षणाचं काम 1957 साली कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे वारल्यांची मुलं शाळेत येत नाहीत म्हणून अंगणवाडी त्यांच्या पाड्यात नेली. शिंपले, बिया, दगड, पानं हेच शिकण्याचं सामान झालं. मुलं गुरांमागे जातात म्हणून त्यांच्यासाठी कुरणातच शाळा भरवली. बाईंनी परीक्षेत यावर सुरेख उत्तर लिहिलं होतं. ते आज, या चिखलाच्या कडेला, त्यांना पहिल्यांदा उमगलं.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर चारच शब्द होते आणि समोर अर्थ नव्हते. बाईंनी आधी आदल्या पावसातली एक गोष्ट सांगितली. रात्री बांधाला खांड पडली, पाणी धो धो वाहू लागलं आणि एक बाई एकटीच दगडमाती लावत राहिली. लावलेलं वाहून जाई, ती पुन्हा लावी. उजाडेपर्यंत तिनं पाणी अडवलं.

"ही चिकाटी," बाई म्हणाल्या. "आता सांगा, बैल जागचा हलत नाही, ती चिकाटी का?"

"हो," काही म्हणाले. "नाही, तो हट्ट," काही म्हणाले.

"गोचीड बैलाला चिकटून बसते. ती?" मागच्या मुलानं विचारलं. वर्ग हसला, पण बाई हसल्या नाहीत. "बोला, ती?" त्या म्हणाल्या. मुलं विचारात पडली. एक म्हणाला, गोचीड काही करत नाही, नुसती रक्त पिते. दुसरा म्हणाला, पण ओढली तरी सोडत नाही ना. वाद वाढला. तेवढ्यात खिडकीजवळून बारीक आवाज आला.

"तिला काय अवघड नाय त्यात. अवघड असून सोडलं नाय, तर चिकाटी."

सगळ्यांनी वळून पाहिलं. आवणाबद्दल बोललेली ती मुलगी होती. बाईंनी फळ्यावर तिचंच वाक्य लिहिलं. त्या दिवशी तोच अर्थ सगळ्यांच्या वहीत गेला.

मग वर्गात एक रिकामा बिस्किटांचा डबा आला. शिकलेला शब्द चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचा. रोज जेवणाच्या सुट्टीआधी तीन चिठ्ठ्या काढायच्या. त्यात कालचा शब्द निघे, तसा महिन्यापूर्वीचाही निघे. कधी त्या शब्दाचं सोंग करून दाखवायचं आणि इतरांनी ओळखायचं. "डगमगणे" निघालं की बाकावरून बांधावर चालल्यासारखी रांग निघे. कधी त्या शब्दानं घरची एक खरी गोष्ट सांगायची. आणि कुणी धडा सोडून एरवी, खेळताना, भांडताना, पाणी भरताना डब्यातला शब्द वापरला, तर ऐकणाऱ्यानं त्या चिठ्ठीवर एक रेघ ओढायची. मुलं एकमेकांचं बोलणं कान देऊन ऐकू लागली. मला तर या साऱ्यात ही रेघच सगळ्यात मोलाची वाटते.

मुलांनी घरचे शब्दही आणले. एक मुलगा मात्र चिठ्ठी मुठीत धरून बसला. "बाई, हा पुस्तकातला नाय. आमच्या घरचा आहे."

बाईंनी मुलांना दाते आणि कर्वे यांच्या "महाराष्ट्र शब्दकोशा"ची गोष्ट सांगितली. 1932 ते 1938 या वर्षांत त्याचे 7 खंड निघाले. कोश करणाऱ्यांनी गावोगावचे, बोलीतले शब्दही त्यात घेतले आणि शब्द कोणत्या भागातला, ते शेजारी थोडक्यात नोंदवलं. ऐकून त्या मुलानं मूठ उघडली, चिठ्ठीच्या कोपऱ्यात आपल्या पाड्याचं नाव लिहिलं आणि ती डब्यात टाकली.

माघात केंद्रप्रमुख आले. "वर्षात शब्द किती झाले?" त्यांनी विचारलं. बाईंनी डबा पुढे केला. साहेबांना तो जरा कमी भरलेला वाटला. त्यांनी एक चिठ्ठी काढली. ती रेघांनी भरली होती. "चिकाटी कुणाला सांगता येईल?"

आवणवाली मुलगी उठली. "साहेब, आधी तुमची सांगा ना."

साहेब गोंधळले, मग खुर्चीत टेकले. "मी लहानपणी नदी ओलांडून शाळेत जायचो."

"पावसात पण?"

"पावसात पण. दप्तर डोक्यावर घेऊन."

मुलीनं वर्गाकडे पाहिलं. वर्गानं माना हलवल्या. "मग बसतं," ती म्हणाली आणि चिठ्ठीवर एक रेघ ओढली.

आपण मुलांना शब्दाचा अर्थ देतो आणि काम झालं असं समजतो. पण अर्थ लिहून घेतल्यानं शब्द वहीत राहतो. मुलाला त्या शब्दानं आपलं काही सांगता आलं, आपल्याच माणसांशी वाद घालता आला, विसरायच्या आत तो पुन्हा भेटला, की मग तो त्याच्या तोंडी बसतो. त्याला वेळ लागतो, म्हणून शब्द थोडे घ्यावे लागतात. आणि मूल शाळेत येतं तेव्हा शब्दांनी भरलेलंच येतं, हे आधी मानावं लागतं.

पुढे बाईंची बदली झाली. त्यांच्या जागी वऱ्हाडातून एक तरुण गुरुजी आले. त्यांनी टेबलावरचा डबा उचलून विचारलं, "हे काय आहे?" मुलांनी सगळे नियम सांगितले आणि एक कोरी चिठ्ठी त्यांच्या पुढे ठेवली. "तुमचा घरचा शब्द टाका, गुरुजी."

गुरुजींनी "वावर" लिहिलं. कोपऱ्यात काय लिहायचं, तेही मुलांनी सांगितलं. त्यांनी "वऱ्हाड" लिहिलं.

"वावर म्हणजे?"

"म्हणजे शेत," गुरुजी म्हणाले.

"मग आमचं खाचर वावर होतं का?" एकानं विचारलं. "पाणी साठलं तर चालतं का?" दुसऱ्यानं विचारलं. "त्याला बांध असतो का? त्यात काय लावता?" गुरुजींनी खडू घेतला आणि फळ्यावर कापसाचं झाड काढायला सुरुवात केली.