पादुका कोणी राखाव्या?

पांढुर्णा-सौंसरकडील भाविकांस जामसावळीचा हनुमंत परिचित आहे. समुद्र उल्लंघणारा तो वीर येथे पहुडलेला आहे. त्याच्या दर्शनाने आमच्या मनात एक प्रश्न उभा राहतो: स्वदेश गमावून जो परक्या आकाशात लढला, त्यास विसावा कोठे मिळावा?

१९३९ साली जर्मनी व रशिया यांनी पोलंड वाटून घेतला. तेथील कित्येक वैमानिक फ्रान्समार्गे इंग्लंडात पोचले. त्यांच्या ३०३ क्रमांकाच्या तुकडीने ३१ ऑगस्ट १९४० पासून लंडनचे आकाश राखले. सुमारे सहा आठवड्यांत शत्रूची १२६ विमाने पाडल्याची नोंद तिच्या नावावर झाली. त्यांपैकी १७ विमाने पाडणारा योसेफ फ्रांतिशेक हा चेक होता. ८ ऑक्टोबर १९४० रोजी विमान कोसळून तो मायभूमी न पाहताच गेला. याच पोलंडची सुमारे पाच हजार निर्वासित माणसे १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे आश्रयास होती, हेही आपण विसरू नये.

युद्ध जिंकले गेले. परंतु १९४५ साली याल्टा येथे मित्रराष्ट्रांनी पोलंडचा पूर्वभाग रशियास देण्याचे मान्य केले. ८ जून १९४६ रोजी लंडनात विजयसंचलन निघाले, त्यात पोलिश सेना नव्हती. केवळ काही वैमानिकांस निमंत्रण आले. आपल्या बांधवांस वगळून मिळालेला तो मान त्यांनी नाकारला.

यावर कोणी म्हणेल, कर्म करावे, फळाची आशा धरू नये. लढणाऱ्याने स्वतःशी असे म्हणावे, हे उचितच होय. वैमानिकाचे व्रत फळावाचूनही पूर्ण झाले, असेच आम्ही मानतो. परंतु ज्याच्या रक्षणासाठी तो लढला, त्याने हेच वचन त्यास ऐकवावे काय? निष्कामता हा कर्त्याचा धर्म आहे. ऋणकोची ती पळवाट नव्हे.

रामचंद्रही वनवासातच लढले. त्यांना परतण्यास अयोध्या उरली, कारण नंदिग्रामी भरताने चौदा वर्षे पादुका राखल्या. वनवाशाचा पराक्रम आपण गातो. मागे राहिलेल्याचे कर्तव्य मात्र विसरतो. या वैमानिकांस पराक्रम उणा नव्हता, भरत उणा होता.

म्हणून जामसावळीस हनुमंताचे बळ मागावेच. परंतु ज्यांच्या जागरणामुळे आपण घरी निर्धास्त निजतो, त्यांच्याविषयी भरताची बुद्धीही मागावी.