मागण्यातील सचोटी

मागणे हे लाजिरवाणे, असे आम्ही लहानपणी ऐकले. परंतु ज्या घरांत हे ऐकले त्याच घरांच्या दारी माधुकरी मागणाऱ्या विद्यार्थ्यास कोणी हिणवीत नसे. त्याच्या मागण्यास मर्यादा होती. घरे मोजकी, अन्न भुकेपुरते, आणि त्या अन्नावर करावयाचे ते अध्ययन.

आज ती झोळी कागदाची झाली आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यापैकी किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्चावी असे ठरविले. २०१४ पासून ही तरतूद अमलात आली. तेव्हापासून हुबळी-धारवाडातील लहान संस्थांनाही अनुदानासाठी प्रस्ताव लिहिणे क्रमप्राप्त झाले. येथेच प्रश्न उद्भवतो : देणाऱ्याचे मन वळविताना आपण कोठवर जावे?

आमचाच अनुभव सांगतो. एका वाचनालयाच्या जीर्ण ग्रंथांच्या दुरुस्तीसाठी आम्ही प्रस्ताव लिहावयास बसलो. पहिल्या मसुद्यात ‘शेकडो वाचकांची सोय’ हे शब्द आपसूक उतरले. नोंदवही उघडून पाहतो, तो नियमित वाचक चाळीसही भरेनात! एक वडीलधारे सभासद म्हणाले, ‘‘सगळेच असे लिहितात. आपण तेवढे खरे लिहिले तर मागे पडू.’’

त्यांचे म्हणणे व्यवहारास धरून होते. तथापि विचारांती आम्हांस दोन गोष्टी दिसल्या. पहिली ही की, देणाऱ्याची थैली अमर्याद नसते. फुगविलेल्या आकड्यावर आम्ही जे घेऊ, ते खरा आकडा लिहिणाऱ्या दुसऱ्या कोणा गरजू संस्थेच्या वाट्यातून जाईल. म्हणजे फसवणूक केवळ धनिकाची होत नाही. दुसरी ही की, प्रस्ताव हे एक वचन आहे. वर्षाअखेर त्याचा वृत्तांत द्यावा लागतो, आणि पहिले असत्य झाकण्यास दुसरे लिहिणे भाग पडते.

मग मन वळवूच नये काय? तसे मुळीच नव्हे. सत्य नीरस शब्दांत मांडणे हे काही सद्गुणाचे लक्षण नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापिली आणि वर्षानुवर्षे लहानमोठ्या देणग्या मागितल्या. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केले. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्यास १५ लक्ष रुपयांची देणगी जाहीर केली आणि विद्यापीठास त्यांच्या मातोश्रींचे नाव मिळाले. त्या देणगीमागे शब्दांचे लालित्य नव्हते, दोन तपांचे काम उभे होते. आपल्या धारवाडातही १९१७ साली कर्नाटक कॉलेज सुरू झाले, त्यामागे रोद्द श्रीनिवासराव व अर्टाळ रुद्रगौडा यांनी लोकांकडून उभारलेला निधी होता. मागणाऱ्याचे चारित्र्य हाच तेथे अर्जाचा मुख्य मजकूर होता, असे आम्हांस वाटते.

आम्ही मसुदा बदलला. वाचकांचा खरा आकडा लिहिला. कोणते ग्रंथ, त्यांची आजची अवस्था काय, बांधणीस खर्च किती, सभासद स्वतः किती भार उचलणार, आणि काम न झाल्यास काय कायमचे नाहीसे होईल, हे एकेक कलम स्पष्ट मांडले. प्रस्ताव पूर्वीपेक्षा अधिक परिणामकारक झाला, असे त्या वडीलधाऱ्या सभासदांनीही मान्य केले.

त्या वर्षी अनुदान मिळाले नाही. खंत वाटली, ती आम्ही लपवीत नाही. काही ग्रंथांची पाने त्या पावसाळ्यात आणखी सुटली. परंतु तोच प्रस्ताव एकही शब्द मागे न घेता पुन्हा पाठविता येतो, एवढे समाधान आमच्यापाशी आहे. ज्याच्या दारी पुन्हा जाताना मान खाली घालावी लागत नाही, त्याचेच मागणे माधुकरीच्या जातीचे होय. वाचकहो, आपापल्या संस्थेचा पुढील अर्ज लिहिताना प्रथम नोंदवही उघडावी, लेखणी त्यानंतर उचलावी, एवढेच विनविणे आहे.