विश्रांती कोणाच्या वाट्याला?



"कसे आहात?" असे कोणी विचारले, की आपल्या तोंडून सहज उत्तर येते, "चाललंय, जरा दमलोय." हे आपण इतक्या वेळा बोलतो की ऐकणाराही मान हलवून पुढे जातो. पहाटेची विरार लोकल पकडणारा नोकरदार दमतो. वाडीला पाणी सोडून, भाजीच्या जुड्या बांधून बाजार गाठणारी बाई दमते. शाळा आणि क्लास यांत अडकलेली मुलेही दमतात. थकवा हा केवळ शरीराचा विषय आहे, की त्याबाबत आपली काही नैतिक जबाबदारीही आहे?

प्रथम थकवा ओळखायला हवा. तो पाय दुखण्यातूनच दिसतो असे नाही. क्षुल्लक कारणावरून मुलांवर ओरडणे, गॅसवर ठेवलेले दूध विसरणे, प्रार्थनेला बसूनही मन न लागणे, ही त्याचीच रूपे. अशा वेळी आपण स्वतःला आळशी म्हणतो, नाहीतर दुसऱ्याला तापट ठरवतो. पण आळशाला काम करायचे नसते. थकलेल्याला करायचे असते, पण अंगात त्राण नसते. पुरेशी झोप घेऊनही आठवडेच्या आठवडे थकवा जात नसेल, तर डॉक्टरांना दाखवावे. त्यामागे रक्तक्षय, थायरॉईड, मधुमेह किंवा नैराश्य असू शकते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या देशातील १५ ते ४९ वयाच्या १०० पैकी ५७ स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. "आता वयच झालं" किंवा "बायकांचं असंच असतं" म्हणून ज्याची बोळवण होते, ते पुष्कळदा औषधाने बरे होणारे दुखणे असते.

पवित्र शास्त्र थकव्याला दोष देत नाही. एलिया संदेष्टा रानातल्या एका झुडपाखाली पडून मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करीत नाही, त्याच्या कमकुवत श्रद्धेबद्दल बोल लावीत नाही. तो त्याला भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, मग पुन्हा उठवून खाऊ घालतो. होरेब डोंगराची लांबची वाट त्यानंतरची! प्रभू येशूही प्रवासाने थकून याकोबाच्या विहिरीजवळ बसला होता. देवाच्या पुत्राला थकवा लपवावासा वाटला नाही. मग आपण का लपवावा?

मात्र स्वतःचा थकवा ओळखणे हा अर्धाच भाग झाला. आपण ज्या रविवारी निवांत होतो, तो रविवार कोणीतरी मिळवून दिलेला आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून ती मागणी लावून धरली आणि १८९० साली गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. दुसऱ्याचा थकवा दिसला, म्हणून हे घडले.

तिसरी आज्ञाही हेच सांगते. विश्रांती कोणाला? तुला, मुलामुलींना, दासदासींना, बैलाला, गाढवाला, परक्यालासुद्धा. अनुवादाच्या पुस्तकात तर दासदासींना तुझ्यासारखाच विसावा मिळावा, असे कारणही दिले आहे. या यादीत पत्नीचा वेगळा उल्लेख नाही. 'तू' या शब्दात तीही आली, असे अनेक अभ्यासक मानतात. पण आपल्या घरांत काय होते? पहिल्या मिस्साहून आल्यावर वर्तमानपत्र घेऊन कोण बसते, आणि मटणाला वाटण लावायला कोण उभे राहते? पाहुणे जेवून तृप्त होतात, दुपारी सारे घर आडवे होते, तेव्हा मोरीत भांड्यांचा आवाज कोणाचा असतो? एकाची विश्रांती दुसऱ्याच्या कष्टावर उभी असेल, तर तिला विसावा म्हणता येईल, पण न्याय म्हणता येणार नाही.

कोणी म्हणेल, "तिला आवडते म्हणून ती करते." खरे आहे, प्रेमाने केलेले काम हलके वाटते. पण प्रेमाने केले म्हणून थकवा येत नाही, असे नाही. उलट प्रेम करणारी माणसेच थकवा सांगत नाहीत; तो आपल्यालाच ओळखावा लागतो. धर्मग्रामातही हेच दिसते. सणाच्या मांडवापासून सफाईपर्यंत तीच चार माणसे राबतात, आणि बाकीचे आपण त्यांचे कौतुक करतो. कौतुकाने थकवा उतरत नाही. त्यासाठी ओझ्याला दुसरा खांदा लागतो.

तेव्हा आजच्या रविवारी मोठा संकल्प नको. जेवण साधे करू या, भांडी घरातल्या पुरुषांनी व मुलांनी घासू या, आणि घरातल्या माउलीला दुपारी दोन तास कोणी हाक मारणार नाही, एवढे पाहू या. घरी आजारी माणसाची शुश्रूषा करणारे कोणी असेल, तर एक रात्र आपण जागून त्याला झोपू देऊ या. देवदूताने एलियासाठी याहून वेगळे काय केले होते?