एक बादली इकडे, एक बादली तिकडे

वडगाव रासाईला भीमेच्या काठी एक गुरुजी राहत. गाव शिरूर तालुक्यातलं, नदी ओलांडली की दौंड. गुरुजींनी सदतीस वर्षं प्राथमिक शाळेत काढली आणि नाव कमावलं ते एकाच गोष्टीत, वाटपात. पंधरा ऑगस्टला पेढे कमी पडले तर ते चाकू मागवून अर्धे करत. एक अर्धा मोठा झाला तर जास्तीचा तुकडा कापून कावळ्याला टाकत, पण स्वतः खात नसत. छडीही सगळ्यांना सारखीच. खिडकी फोडणाऱ्याला दोन, नुसतं बघत उभ्या राहणाऱ्यालाही दोन.

निवृत्त होऊन घरी बसले आणि वाटायला काही उरलं नाही. मग त्यांची नजर घरामागच्या बागेवर गेली.

बाग म्हणजे आजीचं राज्य. आजी, म्हणजे गुरुजींची बायको, कान्हूर मेसाईकडची. तालुका तोच, पण पाण्याचा मुलूख वेगळा. तिकडे उन्हाळ्यात हंडा-कळशी घेऊन वाट तुडवायची, इकडे भीमेवरच्या मोटारी आणि घराच्या भिंतीला टेकलेला ऊस. सासरी येताना तिने माहेरच्या शेवग्याची हातभर फांदी आणली आणि मागच्या बांधावर, मुरमाच्या उंचवट्यात खोचली. ते पहिलं झाड केव्हाच वादळात मोडलं. आता उभं होतं ते त्याच्याच फांदीच्या फांदीचं, तीन वर्षांचं, पोरसवदा झाड. दुसऱ्या टोकाला, न्हाणीच्या मोरीपाशी, सावलीत अळू. तो तिच्या सासूने लावलेला. आंघोळीचं, भांड्यांचं सगळं पाणी त्याच्या पायाशी जाई. पानं सुपाएवढी, देठ काळपट जांभळे, म्हणजे वडीचा अळू.

गुरुजींनी दोन दिवस निरीक्षण केलं आणि तिसऱ्या दिवशी चहा पिताना निकाल दिला.

“हा अन्याय आहे. अळू दिवसभर पाण्यात लोळतो आणि शेवग्याला थेंब नाही. एकाला सावली, दुसरा उन्हात. एकाला काळी माती, दुसऱ्याला मुरूम.”

आजी तांदूळ निवडत होती. म्हणाली, “त्येंचं बरं चाललंय की.”

“बरं चाललंय म्हणजे सवय झालीय,” गुरुजी म्हणाले. हे वाक्य त्यांनी शाळेतही वापरलेलं होतं.

फाल्गुन सरता सरता काम सुरू झालं. मोरीचं पाणी पाइप टाकून शोषखड्ड्यात सोडलं. शेवग्याभोवतीचा उंचवटा खणून सपाट केला, नदीकडचा गाळ आणून भरला, रुंद आळं केलं. अळूचे कंद उपटून शेवग्याशेजारी ओळीत लावले. आता दोघांना माती एक, ऊन एक. बाजारातून दहा लिटरच्या दोन सारख्या बादल्या आल्या. सकाळी एक इकडे, एक तिकडे. संध्याकाळी पुन्हा. थोरला नातू पाणी घाली, धाकटा मोजी. मोजण्यात चूक झाली तर बादली परत भरायची.

तसाच नियम अभ्यासाला. थोरला आठवीत, धाकटा पाचवीत. रोज संध्याकाळी एकेकाला एक तास, घड्याळ समोर ठेवून. थोरल्याचं सगळं वीस मिनिटांत उरके, उरलेला वेळ तो वहीच्या मागच्या पानावर ट्रॅक्टर काढत बसे. धाकट्याचा तास ‘घ’ आणि ‘ध’च्या घोळातच संपे. वाक्य अर्ध्यावर असताना गुरुजी म्हणत, “वेळ झाली.”

चैत्रात शेवग्याने फसवलं. पाला असा फुटला की फांद्या दिसेनात. गुरुजी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत. आजी मात्र झाडाखाली बघे. खाली पांढऱ्या फुलांचा सडा पडलेला. शेवग्याला पाणी जास्त झालं की तो पाल्यातच रमतो आणि फुलं टाकून देतो. थोडी तहान लागली तरच तो शेंगा धरतो, हे कान्हूरकडच्या शेळ्या वळणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. त्या वर्षी पिठल्यात घालायला चार शेंगा निघाल्या नाहीत. फुलांची भाजी मात्र दोनदा झाली, पडलेली वेचून. हल्ली पुण्यात शेवग्याच्या पाल्याची पूड डबीत भरून विकतात म्हणे. आजीने तो पाला परतून वाढला, खाल्ला आणि उरला तो शेळीपुढे टाकला.

अळूची तऱ्हा उलटी. वैशाखाच्या उन्हात दोन बादल्या त्याला तोंड धुवायलाही पुरेनात. पानं तळहाताएवढी झाली, कडा करपून कागदासारख्या वाजू लागल्या. एकदा आजीने त्यातल्या त्यात बरी पाच पानं काढली आणि बेसन लावून वड्या केल्या. चिंच नेहमीपेक्षा जास्त घातली, तरी पोरांचे घसे खवखवले. अळूच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, तेच घशाला टोचतात. आजीला स्फटिक माहीत नव्हते. ती एवढंच म्हणाली, “रागावलाय त्यो.”

मृगाआधी वळवाचा पाऊस झाला. वारं फार नव्हतं, तरी शेवगा रात्रीत आडवा झाला. सकाळी गुरुजी जाऊन बघतात तो बुंध्याची साल बोटाने निघतेय, आत काळी, आंबूस वासाची. शेवग्याचं लाकूड मुळातच ठिसूळ, त्यात पाय कुजलेले. शेवगा आणि पाहुण्याची ती जुनी गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय, ज्यात पाहुणा कुऱ्हाड घेऊन रातोरात झाड तोडतो. इथे कुऱ्हाडसुद्धा लागली नाही.

आजी आली. रागावली नाही, त्यामुळे गुरुजींना जास्त लागलं. तिने विळ्याने मूळ उकरलं. कडेचं एक मूळ अजून धड होतं, मुळ्यासारखं जाड. ते तिने गुरुजींच्या हातात दिलं.

“दाबून बघा. पानी हितं साठवतो त्यो. आपल्या घरचं हंडं भरलेलं असताना कुनी दारात रोज टँकर ओतला तर काय हुईल?”

मग तिने अळूचं एक मलूल पान ओंजळीसारखं धरलं आणि त्यावर तांब्यातलं पाणी ओतलं. पाण्याचे मोती झाले, पानभर धावले आणि कडेवरून खाली मातीत गेले. पान कोरडं ठाक.

गुरुजी बघत राहिले. ‘अळवावरचं पाणी’ हा वाक्प्रचार त्यांनी सदतीस वर्षं फळ्यावर लिहिला होता. अर्थ : क्षणभंगुर. वाक्यात उपयोग करा. जे पान अंगावर थेंब ठरू देत नाही, त्याचे पाय मात्र कायम ओले लागतात, हे त्या वाक्यात कुठे येत नव्हतं.

“मला आधी का नाही सांगितलंस?”

“तुमी इचारलं व्हतं व्हय?” आजी म्हणाली आणि विळा धुवायला गेली.

आमच्या मते गुरुजींचं एवढंच चुकलं. त्यांनी दोन्ही झाडांना सारखं दिलं, विचारलं मात्र एकालाही नाही. आणि हे काही एकट्या गुरुजींचं नाही. नदीकाठच्या काळ्या रानात रात्रीची लाइट आली की उसाच्या पाटाला पाणी सोडून माणूस झोपतो, आणि काही वर्षांनी त्याच रानात चोपण होऊन पांढरी खार वर येते. तिथेही कुणी जमिनीला विचारलेलं नसतं.

आषाढात पाइप काढला. अळूचे कंद परत मोरीपाशी गेले. पडलेल्या शेवग्याची एक निरोगी फांदी आजीने चार दिवस सावलीत ठेवून कापाचा चीक सुकवला आणि बांधावर नव्याने मुरूम टाकून, उंचवटा करून खोचली. पाऊस संपल्यावर तिला पाणी कुणी द्यायचं नाही, अशी ताकीद मिळाली. ताकीद एकट्या गुरुजींना होती.

त्याच आठवड्यात संध्याकाळी थोरला वही घेऊन आला. गुरुजींनी गणितं पाहिली, बरोबर होती. घड्याळ उचलून त्यांनी फडताळात ठेवलं.

“जा, खेळ.”

“आबा, माझा तास राहिलाय की अजून.”

“अडलं तर ये. नाही अडलं तर नको येऊ.”

मग त्यांनी धाकट्याला जवळ ओढलं, त्याचं बोट धरून ताटलीतल्या राखेत ‘घ’ काढला, शेजारी ‘ध’ काढला, पुसला, पुन्हा काढला. आजीने जेवायला दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा मारली नाही, भाकरी झाकून ठेवली.

गौरींच्या जेवणाला अळूवडी झाली, घसा कुणाचा खवखवला नाही. एक बादली गोठ्यात गेली, दुसरीत आजीने पुदिना लावला. पुढच्या फाल्गुनात नव्या शेवग्याला शेंगा लागल्या. धाकट्याने त्या मोजल्या आणि कॅलेंडरवर अक्षरात लिहिलं : अकरा.