दगड एकाचा, आडोसा सर्वांचा



सामना पाहायला जाणारा माणूस तिकिटाचे पैसे मोजतो तेव्हा नेमके काय विकत घेतो? बसायला जागा, दोन तासांची करमणूक आणि आपल्या संघासाठी घसा कोरडा होईपर्यंत ओरडण्याची मुभा. इथपर्यंत कोणाचे दुमत नसावे. पण पंचाला आईबहिणीवरून शिव्या देण्याचा हक्क त्या तिकिटात येतो का? समोरच्या संघातल्या पोरावर पाण्याची बाटली भिरकावण्याचा? आणि आपण स्वतः काहीच फेकले नाही, शेजारच्याने फेकले तेव्हा फक्त हसलो, तर आपल्याकडे काही दोष येतो की नाही? वरवर पाहता हा वर्तमानपत्राच्या क्रीडा पानावरचा विषय आहे. आम्हाला मात्र तो सदसद्विवेकबुद्धीचा वाटतो, म्हणून या रविवारी तो आपल्यापुढे ठेवत आहोत.

आम्हा मेढेकरांना फुटबॉलचे वेड तसे बेताचेच. इकडे कबड्डी, यात्रेतल्या कुस्त्या, आणि क्रिकेट तर काय, गल्लोगल्ली. पण आपली मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी कोल्हापूरला जातात. साताऱ्याहून महामार्गाने सुमारे १२० किलोमीटर. तिथे गेलेला मुलगा वर्षभरात फुटबॉलचा होऊन जातो. कारण कोल्हापूरचा फुटबॉल महाराष्ट्रात इतरत्र सहसा दिसत नाही असा आहे. तिथले संघ कंपन्यांचे नाहीत, पेठांचे आणि तालमींचे आहेत: पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. ज्या तालमीत आजोबांनी जोर-बैठका मारल्या तिच्याच नावाची जर्सी नातू घालतो. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन ही संस्था १९४० सालापासून आहे आणि शाहू स्टेडियमवर (साताऱ्याच्या शाहू क्रीडा संकुलाशी गल्लत करू नये) स्थानिक सामन्याला हजारो माणसे जमतात. २०१७ साली भारतात १७ वर्षांखालील मुलांचा विश्वचषक झाला, त्यात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा. असे प्रेम एखाद्या खेळाला लाभणे ही साधी गोष्ट नव्हे.

आणि याच मैदानावरून दगडफेकीच्या, बाटल्या फेकल्याच्या, सामना अर्धवट थांबल्याच्या, मैदानातले भांडण पुढे पेठांतून रंगल्याच्या बातम्याही वेळोवेळी आल्या आहेत. पोलिसांना काठी उगारावी लागते, गुन्हे नोंदवले जातात. ज्याच्यावर गुन्हा नोंदवला जातो तो मुलगा बहुधा विशीतला असतो. आपल्या भागातली किती मुले पहाटे उठून पोलीस भरतीसाठी, सैन्य भरतीसाठी धावतात हे आपण रस्त्याने पाहतोच. भरतीच्या वेळी चारित्र्य पडताळणी होते. त्या कागदावर एका संध्याकाळचा दगड उमटतो आणि चार वर्षांची धाव फुकट जाते. ती संध्याकाळ तर सगळे विसरलेले असतात. सामना कोणी जिंकला होता हेही आठवत नाही.

त्या मुलाला एकट्याला गाठून विचारा, 'भर चौकात, दिवसाउजेडी, समोरच्या माणसाला तू दगड मारशील का?' तो कानाला हात लावील. मग स्टेडियममध्ये का मारतो? कारण तिथे त्याला आडोसा मिळतो, आणि तो आडोसा म्हणजे आपण. शंभर माणसे शिट्या वाजवत असतात म्हणून एकाचा हात उठतो. शंभर माणसांत चेहरा हरवतो म्हणून तो हात सापडत नाही. दगड एकाचा असतो, पण तो उगवतो आपल्या गर्दीच्या कुशीत. 'आम्ही तर फक्त बघत होतो' हे म्हणणे कायद्याला पुरत असेल. मनाला पुरू नये. यात्रेला हौसे, नवसे आणि गवसे असे तीन प्रकारचे लोक येतात असे आपण म्हणतो. गवसे कुठल्याही गर्दीत थोडेच असतात, पण हौशांनी पाठ दिल्याशिवाय त्यांचे फावत नाही.

झावळ्यांच्या रविवारी दुःखसहनाचे वाचन होते तेव्हा जमावाची वाक्ये कोण म्हणते? आपणच सगळे, एका सुरात. वर्षातून एकदा ती वाक्ये आपल्या तोंडी का दिली असतील, याचा विचार मैदानावर जाणाऱ्याने जरूर करावा.

आता दुसरी बाजू. वीस जणांनी बाटल्या फेकल्या म्हणून हजारोंना बाहेर काढणे न्याय्य आहे का? हे आपल्याच देशात घडले आहे. फेब्रुवारी १९९९ मध्ये कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर भारत-पाकिस्तान कसोटी होती. चौथ्या दिवशी शोएब अख्तरशी धडक झाली आणि सचिन तेंडुलकर धावबाद झाला. मैदानावर वस्तूंचा वर्षाव सुरू झाला, खेळ थांबला. सचिनला स्वतः मैदानाभोवती फिरून लोकांना हात जोडावे लागले. पाचव्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी पोलिसांनी सुमारे ६५ हजार प्रेक्षकांना बाहेर काढले आणि पाकिस्तानने तो सामना रिकाम्या गॅलऱ्यांसमोर ४६ धावांनी जिंकला. त्या ६५ हजारांत नातवाचा हात धरून आलेले आजोबा असतील, वर्षभर पैसे साठवून आलेला विद्यार्थी असेल. सुक्याबरोबर ओलेही जळाले.

आमचे मत असे. शिक्षा म्हणून हे अन्यायाचेच आहे, कारण न केलेल्या अपराधाची शिक्षा कोणालाही देता येत नाही. सुरक्षितता म्हणून मात्र कधीकधी हाच एक मार्ग उरतो. दोन्ही गोष्टींची गल्लत होता कामा नये. मैदान रिकामे करणाऱ्या अधिकाऱ्याने 'तुम्ही सगळे गुन्हेगार' असे म्हणू नये. 'तुमच्यातल्या काहींना आम्ही ओळखू शकलो नाही, म्हणून तुम्हाला त्रास होतो आहे' असे म्हणावे. आणि बाहेर पडणाऱ्यानेही स्वतःला विचारावे: शेजारच्याचा हात धरता आला असता का?

हात धरता येतो. हे सांगायला फार लांब जायला नको. त्याच वर्षी, त्या ईडनच्या प्रकारापूर्वी अवघे तीन आठवडे, ३१ जानेवारीला चेन्नईत भारत पाकिस्तानकडून १२ धावांनी हरला होता. सचिनने पाठदुखी सोसत १३६ धावा केल्या होत्या आणि विजय हाताशी येऊन निसटला होता. घशात हुंदका अडकलेल्या त्या प्रेक्षकांनी उभे राहून पाकिस्तानच्या खेळाडूंसाठी टाळ्या वाजवल्या आणि त्या संघाने मैदानाला सन्मानाची फेरी मारली. देश एकच, दोन संघ तेच, पराभवाचे दुःखही तेच. चेन्नईच्या लोकांना वेगळे नियम होते असे आम्ही कुठे वाचलेले नाही. तिथे पहिल्यांदा कोण उठले असेल? कोणीतरी एक जण उठला असणारच. गर्दीचा आडोसा चांगुलपणालाही मिळतो, हे आपण फार क्वचित ध्यानात घेतो.

नियम करणाऱ्यांविषयीही चार शब्द लिहिले पाहिजेत, कारण सगळा उपदेश प्रेक्षकालाच करण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. १५ एप्रिल १९८९ रोजी इंग्लंडमध्ये शेफील्ड येथील हिल्सबरो मैदानावर फुटबॉलचा सामना होता. हुल्लडबाजांना मैदानात उतरता येऊ नये म्हणून उभ्या प्रेक्षकांपुढे लोखंडी जाळ्या ठोकलेल्या होत्या. बाहेर गर्दी वाढली तेव्हा पोलिसांनी एक मोठे फाटक उघडले आणि माणसांचा लोंढा आधीच भरलेल्या कप्प्यांत शिरला. पुढचे लोक जाळीवर चिरडले गेले. ९७ जीव गेले. दुसऱ्याच दिवसापासून दारूड्या प्रेक्षकांमुळे हे घडले असे सांगितले गेले. मेलेल्यांच्या आईवडिलांनी २७ वर्षे लढा दिला आणि २०१६ साली ज्युरीने निकाल दिला: प्रेक्षकांचा दोष नव्हता, हे मृत्यू बेकायदेशीर होते. प्रेक्षक म्हणजे कोंडायची गुरे, हे एकदा मनात पक्के झाले की समोर माणूस गुदमरतो आहे हेही दिसेनासे होते. १६ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्यात मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात १६ जण गेले. ४ जून २०२५ रोजी बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर विजयोत्सवाच्या चेंगराचेंगरीत ११ जण गेले. तिथे भांडण नव्हते, सगळे आनंदानेच आले होते.

म्हणून फाटकावर आमची पिशवी तपासा, जरूर तपासा. बाटली काढून घ्या. पण एप्रिलच्या उन्हात ज्याची पाण्याची बाटली तुम्ही काढून घेतलीत त्याला आत पाणी देण्याचे कर्तव्य तुमच्यावर आले. आत पाण्याचा थेंब नाही, असल्यास दुप्पट भावाने, आणि बाहेर पडायच्या दाराला कुलूप. असा नियम कागदावर कितीही शिस्तीचा दिसो, तो माणसाला मान देत नाही, आणि ज्याला मान मिळत नाही तो नियमाचाही मान ठेवत नाही.

दंडाने माणूस सुधारतो का? अमेरिकेत कॉलेजांच्या फुटबॉलला (त्यांचा खेळ आपल्यापेक्षा वेगळा, अंडाकृती चेंडूचा) लाख-लाख प्रेक्षक जमतात. तिथे आरपार दिसेल अशीच पिशवी आत नेता येते. प्रेक्षक मैदानात घुसले तर दंड यजमान कॉलेजला होतो. दक्षिणेतल्या एका मोठ्या संघटनेत तो पाच लाख डॉलरपर्यंत आहे आणि संघटनेतल्याच दोन कॉलेजांचा सामना असेल तर ती रक्कम पाहुण्या कॉलेजला मिळते. ही शेवटची कल्पना आम्हाला फार आवडली. ज्याच्या घरी पाहुण्याला धक्का लागला त्याने पाहुण्याला भरपाई द्यावी. तरी २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये टेनेसीच्या विद्यार्थ्यांनी अलाबामावरचा विजय साजरा करताना गोलचे खांब उपटून नदीत नेऊन टाकले. एक लाख डॉलर दंड झाला आणि नव्या खांबांसाठी चाहत्यांकडे वर्गणी मागितली गेली, तीही लोकांनी हौसेने दिली. दंड जर वर्गणी काढून भरता येत असेल तर तो दंड राहत नाही, मजेचा भाव होतो.

मग नियमाला धार कशाने येते? याचे उत्तर आपल्या जावळी तालुक्याला ठाऊक आहे. दारूची दुकाने बंद व्हावीत म्हणून या तालुक्यातल्या स्त्रिया रांगा लावून मतदानाला उभ्या राहिल्या. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. त्यांनी बाटली आडवी केली. तो नियम वरून आलेला नव्हता. ज्यांच्या घरात त्या बाटलीने भांडी फुटली होती त्यांनीच तो केला होता. नियम मोडणारे तरीही निघतात, चोरून विकणारेही निघतात. पण मोडणाऱ्याला आता शेजारीण विचारते, 'का रे बाबा, आम्ही एवढे उन्हात उभे राहिलो ते कशाला?' हा प्रश्न पोलिसाच्या काठीपेक्षा जड असतो.

कोल्हापूरच्या तालमींनाही हे जमण्यासारखे आहे, कारण तिथला प्रेक्षक अनोळखी नसतो. दगड मारणारा कोणत्या पेठेचा, कोणाचा पोरगा, हे त्याच्या शेजारी बसलेल्या दहा जणांना माहीत असते. नाव सांगणे म्हणजे गद्दारी, असे जे मानले जाते तिथे सगळे अडते. आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे. आम्हाला वाटते, आपल्या पेठेच्या पोराला वेळीच हात धरून खाली बसवणे हीच पेठेशी निष्ठा. त्याला लपवणारा त्याला पुढच्या, मोठ्या गुन्ह्याकडे ढकलत असतो. तालमीतल्या वस्तादांचा शब्द अजून चालतो. त्यांनी गॅलरीत येऊन बसावे, निदान मोठ्या सामन्याला.

आणि पंच. हजारोंच्या गर्दीत ज्याच्या बाजूने एकही माणूस ओरडत नाही असा मैदानावरचा तो एकटाच. बहुधा जुना खेळाडू किंवा शाळेतला क्रीडाशिक्षक. मिळणारे मानधन असे की दुसऱ्या दिवशी फाटलेला शर्ट शिवून घेण्यात निम्मे जावे. त्याचा निर्णय चुकू शकतो. आपल्या घरातले, कार्यालयातले निर्णय चुकत नाहीत का? तेव्हा आपल्या आईचे नाव घेऊन कोणी ओरडावे अशी आपली अपेक्षा असते का? आपली मुले आपल्या शेजारी बसून हे शब्द ऐकत असतात, आणि पुढच्या आठवड्यात शाळेच्या कबड्डीत तेच शब्द वापरतात.

दिवाळीनंतर आपल्याकडे गावोगावी कबड्डीचे आणि क्रिकेटचे सामने सुरू होतात. आपल्या धर्मग्रामातले तरुण बऱ्याच ठिकाणी खेळतात आणि काही ठिकाणी आयोजनातही असतात. त्यांना आमचे सुचवणे इतकेच, की पारितोषिकाची रक्कम ठरवण्याआधी एक बैठक प्रेक्षकांचीच घ्या. आयाबहिणींना आवर्जून बोलवा. आपली लेक सामना पाहायला यावी असे मैदान हवे असेल तर काय चालेल आणि काय चालणार नाही, हे त्यांनाच विचारा, त्यांच्याच शब्दांत फलकावर लिहा आणि खाली गावातल्या दहा मान्य व्यक्तींनी सह्या करा. बाहेर पडायचा रस्ता कोणता, पंचाला घरी कोण सोडणार आणि पाण्याचे पिंप कुठे ठेवायचे, हेही त्याच बैठकीत ठरवून टाका.